दृष्टान्तातली आपली जागा



दावीद राजाकडे एकदा नाथान नावाचा संदेष्टा आला आणि त्याने राजापुढे एक हकीकत मांडली. एका गावात दोन माणसे राहत होती. एकाचे गोठे गुरामेंढरांनी भरलेले. दुसऱ्यापाशी काही म्हणजे काही नव्हते, फक्त विकत घेतलेले एक कोकरू. ते घरच्या लेकरासारखे वाढलेले, धन्याच्याच घासातला घास खाणारे. श्रीमंताकडे पाहुणा आला. आपल्या कळपातले जनावर कापणे त्याच्या जिवावर आले, म्हणून त्याने गरिबाचे ते कोकरू नेले आणि रांधून पाहुण्याला वाढले. हे ऐकून दावीद भडकला. असल्या माणसाला मरणच योग्य, शिवाय त्याच्याकडून चौपट भरपाई घ्या, असा निवाडा त्याने तिथल्या तिथे देऊन टाकला. तेव्हा नाथानाने सांगितले की तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच. दाविदाने आपल्याच एका शिपायाची, उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयाला ऐन लढाईच्या तोंडी देऊन मारवले होते.

आता असे पाहा, दाविदाचा निवाडा चुकीचा होता काय? मुळीच नाही. न्याय त्याला चांगला कळत होता. घोटाळा झाला तो जागेचा. गोष्ट सुरू झाली तेव्हा तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसला. आणि त्या गोष्टीत तशी खुर्चीच नव्हती. होते दोन गोठे, आणि त्यांतला एक त्याचा होता.

येशू ख्रिस्ताचे दृष्टान्त मला याच घराण्यातले वाटतात. मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत ते विखुरलेले आहेत. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे तीस ते चाळीस भरतात. मी साहित्याचा शिक्षक, धर्मोपदेशक नव्हे. तेव्हा या गोष्टींतून निघणारे धर्मतत्त्व सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण गोष्ट ऐकणारा माणूस गोष्टीत कुठे जाऊन बसतो, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे, आणि या दृष्टान्तांच्या बाबतीत तो फार अडचणीचा ठरतो.

मराठी माणसाला दृष्टान्त नवा नाही. महानुभाव पंथातल्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त एकत्र केले. तो ‘दृष्टान्तपाठ’ आपण महाविद्यालयात अभ्यासतो. जन्मांध माणसे हत्ती चाचपून पाहतात ती गोष्ट त्यातलीच. त्या ग्रंथाची मांडणी मोठी शिस्तीची आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक. दार्ष्टान्तिक म्हणजे दृष्टान्त ज्याला लागू करायचा ते. गोष्ट कशासाठी सांगितली हे तिथे स्पष्ट होते आणि वाचक निश्चिंत होतो. येशूच्या बहुतेक दृष्टान्तांत हा तिसरा भाग रिकामा सोडलेला आहे. पेरणाऱ्याच्या दृष्टान्तासारख्या एखाद्याचा उलगडा शुभवर्तमानात दिलेला आहे, नाही असे नाही. पण ज्या गोष्टी जगभर पसरल्या त्यांतल्या पुष्कळ उघड्याच राहिल्या आहेत. तिथले दार्ष्टान्तिक व्हायचे ते ऐकणाऱ्याने.

आणि ऐकणारा काय करतो? तो स्वतःसाठी बरी जागा पाहतो. आगगाडीत शिरलेला माणूस खिडकीची जागा पाहतो ना, अगदी तसाच.

सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त घेऊ. एका शास्त्र्याने येशूला विचारले की शेजाऱ्यावर प्रीती करावी हे ठीक, पण शेजारी म्हणायचे कोणाला? शास्त्र्याचा प्रश्न शास्त्र्याला शोभेसाच आहे. त्याला हद्द आखून हवी होती. उत्तरादाखल येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोकडे निघालेला एक मनुष्य लुटारूंच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे कपडे काढले, त्याला मारले आणि अर्धमेला टाकून ते निघून गेले.

ही वाट खरी आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या पायांखालची होती. अंतर सुमारे २७ किलोमीटर. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. म्हणजे एवढ्याशा वाटेत हजार मीटरांची उतरण; दोन्ही बाजूंना उघडे, वैराण डोंगर. एकट्या माणसाने तिथून जाताना मागे वळून पाहावे अशीच ती जागा.

त्या वाटेने एक याजक आला. त्याने पाहिले आणि तो बाजूने निघून गेला. मग एक लेवी आला. त्यानेही तेच केले. या दोघांची बाजू घेणारे विद्वान असे म्हणतात की प्रेताला शिवून विटाळ झाला असता तर देवळातले काम अडले असते. मला हा बचाव लंगडा वाटतो. याजक उतरत होता असे लूक लिहितो; म्हणजे तो देवळाकडे पाठ करून घरच्या दिशेने चालला होता. शिवाय वाटेवर बेवारस पडलेल्या प्रेताला मूठमाती देण्यासाठी महायाजकानेही विटाळ पत्करावा, असे ज्यू धर्मशास्त्राचा जुना संग्रह ‘मिश्ना’ सांगतो. आणि हा तर अजून जिवंत होता! ते गेले याचे कारण गोष्टीत दिलेले नाही. आपण तरी का शोधून द्यावे?

आता खरी गंमत पुढे आहे. याजक, लेवी आणि इस्राएल ही त्या समाजाची तीन पायऱ्यांची ओळीने म्हणायची रचना. ब्राह्मण, क्षत्रिय एवढे म्हटले की पुढचा शब्द आपल्या तोंडी आपोआप येतो. तसे तिथल्या श्रोत्याला याजक आणि लेवी झाल्यावर तिसरा कोण येणार हे ठाऊक होते. तिसरा येणार साधा इस्राएली मनुष्य. म्हणजे मीच! देवळातल्या मानकऱ्यांनी टाकलेल्याला मी, साधा माणूस, उचलणार. श्रोता आपली जागा घ्यायला सरसावतो, आणि वाटेवर येतो शोमरोनी.

शोमरोनी म्हणजे कोण ते आज ध्यानात येत नाही, कारण ‘भला शोमरोनी’ हा शब्दच आपल्यापर्यंत गुळगुळीत होऊन आला आहे. ज्यू आणि शोमरोनी मूळचे भाऊबंद, धर्मग्रंथही बराचसा एक. आणि भाऊबंदकीचे वैर फार कडू असते. इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ज्यूंचा महायाजक आणि सत्ताधीश हिर्कानस याने गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे देऊळ पाडले. पुढे इ. स. ६ ते ९ च्या दरम्यान शोमरोन्यांनी वल्हांडण सणात यरुशलेमेच्या मंदिरात माणसांची हाडे टाकून ते बाटवले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. ही दूरची गोष्ट नव्हे, येशूच्या बालपणातली आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर या दृष्टान्ताच्या थोडेच आधी एका शोमरोनी गावाने येशूला आणि त्याच्या शिष्यांना रात्रीचा थारा नाकारलेला आहे, आणि रागावलेल्या दोघा शिष्यांना आकाशातून आग पाडून ते गाव जाळावे असे वाटले आहे. हे शोमरोनी लोक आजही गरिज्जीमवर आणि इस्राएलातल्या होलोन गावी राहतात. सारे मिळून हजाराच्या आत आहेत.

तर असा हा शोमरोनी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्या माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर जवळ राहतो. सकाळी मालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणून सांगतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी.

सगळ्या जागा आता भरल्या. याजक, लेवी व्हायची आपली तयारी नाही. शोमरोनी होणे त्या श्रोत्याला शक्यच नव्हते. मग त्याच्यासाठी राहिली कुठली जागा? वाटेच्या कडेला, मातीत पडलेली. ज्याला नाव नाही, जात नाही, अंगावर वस्त्रही नाही, त्या माणसाची. आपल्यापुरते बोलायचे, तर ज्याच्या हातचे पाणी तुमच्या आजोबांनी घेतले नसते तो मनुष्य खाली वाकला आहे आणि त्याच्या हातात पाणी आहे. घ्यायचे की नाही?

गोष्ट संपल्यावर येशूने शास्त्र्याचाच प्रश्न फिरवून त्याला विचारला: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याने उत्तर बरोबर दिले, पण ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणाला. आपल्याकडेही काही नावे घेण्याऐवजी ‘त्या वस्तीतला’ असे म्हणण्याची रीत होती. पुरती गेली असे मी म्हणणार नाही.

या दृष्टान्ताचा अर्थ लावताना मोठमोठ्यांनी काय काय केले आहे! संत ऑगस्टीन म्हणतात, वाटसरू म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी, तिचा मालक म्हणजे संत पौल. या तऱ्हेची जुळणी शतकानुशतके चालली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूलिखर या जर्मन पंडिताने तिला जोराचा धक्का दिला. ऑगस्टिनांसारख्या थोर माणसाबद्दल मी अनादराने बोलत नाही. पण या जुळणीत सगळ्यांना जागा मिळते आणि ऐकणारा तेवढा प्रेक्षक राहतो. फार सोयीची व्यवस्था आहे ती.

आपल्या काळातली व्यवस्था निराळी. आपण सगळे शोमरोनी होऊन बसलो आहोत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला पुढे कोर्टकचेरीचा ससेमिरा लागू नये म्हणून. त्यात मदत करणाऱ्याला चक्क ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. कलम उत्तम आहे, हवेच होते; नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. गोष्टीतल्या शोमरोन्यालाही नाव नाहीच! परंतु गोष्ट ऐकताना मदत करणाऱ्याची जागा आपण जितक्या लवकर धरतो, तितक्या लवकर ती आपल्या हातून निसटते, एवढेच मला म्हणायचे आहे.

परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टान्तात तर सापळा उघडाच मांडलेला आहे. दोघे देवळात प्रार्थनेला जातात. परूशी देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. आठवड्यातून दोनदा उपवास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो. जकातदार दूर उभा राहून छाती बडवीत दयेची याचना करतो. देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. (मुंबईची जकात २०१७ साली उठली, जकातनाक्यावर ताटकळलेल्या माणसांना जकातदाराबद्दल प्रेम का नसावे हे सांगायला नको. त्या काळी तर हा परक्या सत्तेच्या वतीने वसुली करणारा आणि वर आपले काढून घेणारा.) गोष्ट ऐकून आपण परूश्याला हसतो आणि मनात म्हणतो, बरे झाले बुवा, आपण काही त्या परूश्यासारखे नाही. वाक्य नीट ऐका. ते त्याचेच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. त्याने पहाटे बाजारात जाऊन एका दीनारावर मजूर ठरवले. पुन्हा नऊच्या सुमारास गेला, दुपारी बाराला गेला, तीनला गेला. आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना गेला, तेव्हाही काही माणसे उभीच होती. दिवसभर रिकामे का, असे विचारल्यावर ती म्हणाली, कोणी कामावर लावलेच नाही. मजुरांच्या नाक्यावर सकाळी दहानंतर ज्यांनी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहिले आहेत त्यांना हे उत्तर ओळखीचे वाटेल. संध्याकाळी मालकाने मजुरी वाटायला लावली ती शेवटच्यांपासून, आणि तासभर राबलेल्यालाही पुरा दीनार दिला. पहाटेपासून उन्हात खपलेल्यांच्या आशा वाढल्या. त्यांच्या हातावरही एकच दीनार पडला आणि ते कुरकुरले.

वर्गात ही गोष्ट सांगितली की हमखास दंगा होतो. ‘सर, हा अन्याय आहे!’ मी विचारतो, कोणावर? ठरलेली मजुरी पहाटेच्या मजुराला मिळाली की नाही? मिळाली. मग? ‘पण त्यांना का तेवढीच?’ त्या सगळ्या वर्गात शेवटच्या तासाला आलेला मजूर मी आहे असे म्हणणारा एकही निघत नाही. नोकरीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत असलेली मुलेसुद्धा गोष्टीत शिरताना पहाटेच्या मजुरांच्या रांगेत उभी राहतात. मला याचे फार आश्चर्य वाटते. मालक त्या कुरकुरणाऱ्याला जो शेवटचा प्रश्न विचारतो त्यात मूळ ग्रीक भाषेत डोळ्याचा उल्लेख आहे: मी उदार झालो म्हणून तुझा डोळा वाईट का, अशा अर्थाचा. अनेक भाषांत तिथे हेवा किंवा मत्सर हा शब्द घालून काम भागवावे लागते. आपल्याला ती अडचण नाही. दुसऱ्याचे बरे झालेले डोळ्यांत खुपते, असे आपण रोज म्हणतो.

आता उधळ्या पुत्राची गोष्ट. ती सर्वांना ठाऊक आहे असे समजून चालतो. धाकट्याने बापाच्या हयातीत वाटणी मागितली, परमुलखात पैसा उडवला, दुष्काळात डुकरे राखायची पाळी आली, शुद्धीवर येऊन घरी परतला. बाप धावत सामोरा गेला. वयस्क घरमालकाने झगा सावरीत रस्त्याने धावत सुटणे, हे त्या काळी शोभण्यासारखे नव्हते. झगा, अंगठी, पायांत जोडे, पोसलेले वासरू, वाद्ये, नाच! चित्रकारांनी, कीर्तनकारांनी, सिनेमावाल्यांनी ही भेट हजार वेळा रंगवली, आणि ऐकणारा प्रत्येक जण डोळे पुशीत धाकट्याच्या जागी जाऊन उभा राहिला. पण लूकने ही गोष्ट कोणाला उद्देशून सांगितलेली दाखवली आहे? पापी लोकांच्या पंक्तीला येशू बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूश्यांना आणि शास्त्र्यांना. म्हणजे घरी राहिलेल्यांना, वेळेवर सारे काही करणाऱ्यांना.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात दिवसभर दुकानात काम करून येणारा एक विद्यार्थी होता. ही गोष्ट मी संपवली तेव्हा तो उठून म्हणाला, ‘सर, मोठा मुलगा बरोबर बोलतोय. त्याचं काय चुकलं ते सांगा.’ वर्ग हसला. तो हसला नाही. मग तुटक तुटक त्याने आपली हकीकत सांगितली. धाकटा भाऊ जमिनीचे पैसे घेऊन शहरात गेला होता. याने कॉलेज सोडले, घर चालवले, वडिलांचे औषधपाणी केले. तीन वर्षांनी भाऊ रिकाम्या हाताने आला आणि त्या दिवशी घरात पुरण शिजले. ‘माझ्यासाठी कधी शिजलं होतं, आठवत नाही,’ तो म्हणाला. मग वर्गही गप्प झाला.

मी त्याला म्हणालो की तुझ्या बाजूने अजून पुष्कळ पुरावा आहे, तो आपण काढू. आणि त्या दिवशी आम्ही तो दृष्टान्त मोठ्या मुलाच्या वकिलासारखा वाचला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. तेव्हा दोन मुलांत त्याचे दोन हिस्से आणि धाकट्याचा एक. धाकटा आपला घेऊन गेला. घरात उरले ते वासरासकट थोरल्याच्या वाट्याचे. म्हणजे मेजवानी त्याच्या गोठ्यातून झाली, आणि त्यालाच कोणी विचारले नाही. त्याला बोलवायला शेतावर कोणी माणूसही धाडला नाही! तो काम आटोपून आला, वाद्ये ऐकली, तेव्हा त्याला नोकराकडे चौकशी करावी लागली. एमी-जिल लेव्हिन या ज्यू विदुषीने २०१४ च्या आपल्या पुस्तकात यावर नेमके बोट ठेवले आहे. आधीच्या दोन दृष्टान्तांत शंभरांतले एक मेंढरू आणि दहांतले एक नाणे हरवल्याचे धन्याच्या ध्यानात येते. या बापाला मुलगे दोनच, पण मोजायचा एक राहून गेला.

विद्यार्थ्याचा चेहरा जरा सैल झाला. मग मी त्याला थोरल्याचे बोलणे वाचायला सांगितले. थोरला ‘माझा भाऊ’ असे कुठेच म्हणत नाही. बापाला म्हणतो, हा तुमचा मुलगा. आपल्या घरांतून हे किती ओळखीचे! पोराने पराक्रम केला की आई वडिलांना सांगते, ‘तुमच्या चिरंजिवांनी आज काय केलंय ते बघा.’ मूल तेवढ्यापुरते एकाचेच होते. बापाचे उत्तर त्याच्या पुढे ठेवून पाहावे. तो मुलाचे म्हणणे खोडत नाही, वाद घालत नाही. जे माझे ते सारे तुझेच, हे कबूल करतो. फक्त शेवटी ‘तुमचा मुलगा’ याच्या जागी ‘तुझा भाऊ’ घालतो.

आणि हे बोलणे चालले आहे अंगणात. आत पंगत बसली आहे, वाद्ये वाजताहेत, आणि यजमान पाहुण्यांना सोडून बाहेर उभा आहे. एका मुलासाठी तो दिवसा रस्त्यावर धावला, दुसऱ्यासाठी संध्याकाळी बाहेर आला.

‘मग तो आत गेला का?’ विद्यार्थ्याने विचारले.

मी पुस्तक त्याच्याकडे दिले. त्याने शेवटच्या ओळी वाचल्या, पान उलटले. पुढच्या अध्यायात दुसऱ्याच एका माणसाची, लबाड कारभाऱ्याची गोष्ट सुरू झाली होती.